झाकली मूठ उघडताना: वडिलांशी अबोला असेल तर घरातली जुनी गोष्ट विचारायची कशी

कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत बाप-लेकाचं बोलणं आईच्या तोंडून चालतं. "त्याला सांग, मोटरीचं बिल भरायचंय." "आबांना सांग, मी जेवून आलोय." दोघं एकाच सोप्यात, चार हातांवर बसलेले असतात, तरी निरोप स्वयंपाकघरातून फिरून येतो. अशा अबोल्याच्या बुडाशी कधी कधी एखादी दडवलेली गोष्ट असते. गेलेली जमीन, फेडता न आलेला जामीन, दुसरं घर, दत्तक आलेलं मूल, विहिरीत गेलेली चुलती. मुलाला ती अर्धी माहीत असते, बापाला वाटतं त्याला काहीच माहीत नाही, आणि दोघंही एकमेकांना टाळत वीस वर्षं काढतात.

ही माहिती आहे ती कमावत्या, वयात आलेल्या मुलासाठी. उत्तर काहीही आलं तरी सकाळी कामावर जाता येईल एवढी तयारी असेल तरच पुढं जा. घरात मारहाण होत असेल, बाप हात उचलत असेल किंवा तुमचाच हात सुटत असेल, तर यातलं काहीही करू नका. आधी माणसं वेगळी करा, गरज पडली तर ११२ ला फोन करा.

आधी साधं बोलणं

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. तीन वर्षांत बापाशी धड बोलणं नाही आणि एके दिवशी सरळ प्रश्न: "बाबा, ती शेती कुठं गेली?" बापाच्या कानावर प्रश्न पडतच नाही, त्याला नुसता आरोप ऐकू येतो. म्हणून गुपिताला हात लावण्याआधी किमान दीड-दोन महिने रोजचं बोलणं सुरू करा. आईच्या मध्यस्थीशिवाय.

सुरुवात अशा विषयाने करा, ज्यातलं बापाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. शेतकरी बाप असेल तर, "आबा, औंदा आडसालीच लावायची का पूर्वहंगामी?" किंवा "खोडवा ठेवायचा का मोडायचा?" आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, त्यामुळे जून महिन्यात हा प्रश्न ओढूनताणून वाटत नाही. उद्यमनगरात लेथवर किंवा शिरोलीच्या फौंड्रीत आयुष्य गेलेल्या बापाला बिघडलेला पंप दाखवा. तालमीत वाढलेल्याला मैदानाची कुस्ती विचारा. प्रश्न खरा हवा आणि त्याने सांगितलेलं पुढं करून दाखवायला हवं. सल्ला विचारून मनाचंच केलंत तर गेलेले दोन महिने पाण्यात.

आईला निरोप्याच्या कामातून मोकळं करताना तिला काही समजावत बसू नका. ती म्हणाली, "आबा म्हणत होते की...", तर तिच्यादेखत उठा, सोप्यात जा आणि त्यांनाच विचारा, "आबा, काय म्हणत होता?" आठ-दहा वेळा असं झालं की निरोप आपोआप थांबतात. सुरुवातीला बाप नुसता हुंकार देईल. तेवढा पुरे.

गोष्ट कोणत्या जातीची आहे

एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, दुसऱ्यात ऐकलेलं आणि कुणाकडून ऐकलं ते, तिसऱ्यात तुमचा अंदाज. हे करायला तासभर लागतो. पहिला रकाना जवळजवळ रिकामाच राहतो आणि तिसरा भरून वाहतो. भावकीतल्या एखाद्या चुलत्याने दहा वर्षांपूर्वी लग्नाच्या मांडवात टाकलेला एक शब्द आपण इतक्या वेळा मनात फिरवलेला असतो की तो आपल्याला पुराव्यासारखा वाटायला लागतो. ही वही घरात ठेवू नका.

मग ठरवा की गोष्ट जमीन-पैशाची आहे की रक्ताच्या नात्याची. आमच्या मते सगळी पद्धत याच एका फरकावर उभी आहे. जमीन आणि कर्ज असेल तर कागद आधी, बोलणं नंतर. रक्ताचं नातं असेल तर बोलणं आधी, आणि कागद वडिलांना माहीत असल्याशिवाय नाहीच. जमिनीचे कागद सरकारी दप्तरात उघडे असतात, ते बघितल्याने कुणाचा विश्वास तुटत नाही, उलट खोटा संशय तिथंच गळून पडतो. पण बापाच्या पाठीमागे त्याच्या दुसऱ्या संसाराची खोली शोधून काढली, तर तो आयुष्यभर गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभा राहून बोलतो. मग त्याच्याकडून हकीकत मिळत नाही, नुसता बचाव मिळतो.

जमिनीचे कागद कसे वाचायचे

महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर घालून सातबारा फुकट बघता येतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये पडतात. सोबत आठ-अ काढा, म्हणजे त्या गावात वडिलांच्या खात्यावर एकूण किती गट आहेत ते कळेल. शहरातल्या पेठेतलं घर असेल तर सातबारा नाही, मिळकत पत्रिका बघायची. ती नगर भूमापन कार्यालयाची.

सातबाऱ्यावर नावाशेजारी कंसात किंवा वर्तुळात आकडा असतो, आणि खाली जुन्या फेरफारांचे आकडे. तो प्रत्येक आकडा म्हणजे एकेक घटना: मृत्यू, वाटणी, विक्री, कर्ज. फेरफाराची नोंद गाव नमुना ६ मध्ये आणि वारसाची ६-क मध्ये असते. अलीकडच्या आकड्यापासून मागं मागं जात एकेक फेरफार वाचा. सगळे हातात आले की घराण्याचा पन्नास वर्षांचा इतिहास समोर येतो, तोही कुणाला काही न विचारता. फार जुने कागद मोडीत असतील तर मोडी वाचणारा गाठा. अंदाजाने अर्थ लावू नका.

आता यात पोरं कुठं फसतात ते नीट बघा, कारण बापाविषयीच्या निम्म्या गैरसमजांचं मूळ इथं सापडतं.

सातबाऱ्यावर फक्त थोरल्या चुलत्याचं नाव दिसलं की मुलगा म्हणतो, "काकांनी खाल्ली आणि आमचा बाप गप्प बसला." तो फेरफार उघडा. नावापुढं ए.कु.मॅ. असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबा वारल्यावर थोरल्याचं एकट्याचं नाव लावायची पद्धत होती, धाकट्यांचा हिस्सा त्यात धरलेलाच असे. म्हणजे तुमच्या बापाने काही गमावलेलं नाही, नुसती नावं लागायची राहिली. उलटही होतं: बापाचंच एकट्याचं नाव दिसतं, आणि काका वीस वर्षं बोलत का नाहीत ते तेव्हा कळतं.

जमीन आजोबांच्या नावावर "कुळा"ने आलेली असेल तर १ एप्रिल १९५७ ही तारीख लक्षात ठेवा. कूळ कायद्यात तो कृषक दिन. त्या दिवसापासून कसणाऱ्या कुळाने जमीन विकत घेतली असं कायद्याने मानलं. मूळ मालक आणि कूळ एकाच गल्लीतले, एकाच भावकीतले असले की त्याचा सल तीन पिढ्या जात नाही. तुमच्या बापाने काही "लुबाडलं" नसतं, पण समोरच्या घरी ते तसंच सांगितलं जातं.

आत्तीची सही असलेलं हक्कसोडपत्र दिसलं तर तारीख बघा. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. महाराष्ट्रात त्याआधी १९९४ ची दुरुस्ती होती, पण ती त्यानंतर लग्न झालेल्या मुलींपुरती. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं. साध्या कागदावरच्या सहीने किंवा नुसत्या तोंडी शब्दाने आत्तीचा हक्क गेलेला नसतो. बापाने बहिणीला काही कबूल केलं आणि दिलं नाही, अशी गोष्ट बाहेर आली तर ती त्याला सगळ्यात जास्त टोचणारी असते. ती शेवटी विचारा.

आणि सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही. तेवढ्यावरून निकाल लावू नका. घरातली वाटणी तोंडी झालेली असते, कसतो तो तुकडा वेगळा आणि कागदावरचा वेगळा, हे आपल्याकडं घरोघरी आहे.

कर्ज

"इतर हक्क" या रकान्यात विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसतो. सोसायटीची वसुली ऊसबिलातून होते, म्हणून कारखान्याच्या बिलाची पावती बघा. ऊस गेला पण पैसे का आले नाहीत याचं उत्तर कपातीच्या ओळीत असतं. पतसंस्थेचा जामीन मात्र कुठंच दिसत नाही, जोवर नोटीस येत नाही तोवर.

जामीन हेच कोल्हापुरातल्या बापांचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात मुकं गुपित आहे. मित्रासाठी, साडूसाठी, तालमीतल्या सोबत्यासाठी सही केली, तो बुडाला, आणि हप्ते बापाने भरले, बायकोला न सांगता. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. "मी नुसता जामीन होतो" याला वसुली अधिकाऱ्यापुढं अर्थ नाही.

तुमची सही कधी घेतली होती का ते आठवा. अठरा पूर्ण झाल्यावर "इथं सही कर" म्हणून पुढं केलेला कागद कदाचित तोच असेल. स्वतःचा क्रेडिट अहवाल प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मागवा. पतसंस्थेचं कर्ज त्यात दिसेलच असं नाही. वडिलांचा अहवाल त्यांच्या फोनवरचा ओटीपी चोरून काढू नका, ती फसवणूक आहे आणि ती उघडकीला येतेच.

बापाच्या माघारी कर्ज मुलावर येतं का? वारसाला जेवढी मिळकत मिळाली तेवढ्यापुरतंच, स्वतःच्या पगारातून नाही. तुम्ही स्वतः जामीनदार असाल तर मात्र वेगळी गोष्ट. हे वडिलांना शांतपणे सांगितलं तर त्यांच्या छातीवरचा मोठा दगड उतरतो. बरेच बाप "पोराच्या डोक्यावर टाकून चाललो" याच भीतीने गप्प असतात. खासगी सावकार असेल आणि कर्जापोटी शेताचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करता येतो. १५ वर्षांच्या आतला व्यवहार असेल आणि तो सावकारीतूनच झाला असं चौकशीत ठरलं, तर जमीन परत देण्याचा आदेश निघू शकतो. म्हणून इथं लाजेने घालवलेलं एकेक वर्ष खरोखर महाग पडतं.

विचारायचं कधी, कुठं

समोरासमोर बसू नका. खांद्याला खांदा लावून होईल असं काम किंवा वाट निवडा: रंकाळ्याला फेरी, जोतिबाला जाताना गाडीत, रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजताना बांधावर. नजर दुसरीकडं असली की तोंड सुटतं. चालणं अर्ध्या-पाऊण तासाचं असावं. त्याहून लांबलं की बोलणं भरकटून जुन्या भांडणांवर येतं.

कधी नाही ते आधी ठरवा. सणाला नाही, जत्रेला नाही, लग्नकार्यात नाही, कुणाच्या दहाव्या-तेराव्याला तर नाहीच, कारण तिथं भावकी कान देऊन बसलेली असते. वडील प्यायलेले असताना नाही. त्या वेळी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी ते नाकारतात आणि तुम्ही त्यांना खोटं ठरवून बसता. फोनवर नाही. दुधाचं किंवा उसाचं बिल कमी आलंय त्या दिवशी नाही.

पहिलं वाक्य घरी पाठ करा. ऐन वेळी सुचेल या भरवशावर राहू नका, तोंडातून वीस वर्षांचा राग निघतो. वाक्य साधारण असं: "आबा, मला वाटतंय, आपल्या घरातली एक गोष्ट माझ्यापासनं बाजूला ठेवलीय. मी भांडायला आलो न्हाई. दुसऱ्याकडनं ऐकण्यापेक्षा मला ती तुमच्याकडनं ऐकायचीय." एवढंच. पुढं बोलू नका.

यानंतर जी शांतता पडते ती सहन होत नाही आणि मुलगा ती भरून काढायला बोलत सुटतो. इथं बोलणं मोडतं. मनात हळू वीस श्वास मोजा. बिडी पेटवतील, पाट बदलायला उठतील, "चल, उशीर झाला" म्हणतील. तरी थांबा.

प्रश्न विचारताना "का" हा शब्द टाळा. "का विकली?" म्हटलं की जाब होतो. "तवा काय झालं होतं?", "त्या वर्षी घरात कोण कोण होतं?", "आजोबा काय म्हणाले?" असं विचारलं की हकीकत येते, आणि हकीकतीच्या पोटातच कारण असतं.

वडिलांचं पहिलं उत्तर बहुधा उलटा प्रश्न असतो: "कुणी भरवलं तुला?" याची तयारी नसेल तर तुम्ही आत्तीचं किंवा आईचं नाव घेऊन बसाल, आणि रात्रभर भांडण तिच्यावर निघेल. कुणाचंही नाव घेऊ नका. "कुणी भरवलं न्हाई. कागद बघितलं," हे जमिनीच्या बाबतीत खरं असतं, म्हणूनच कागद आधी बघायचे. नात्याची गोष्ट असेल तर, "नाव सांगून त्या माणसाला अडचणीत घालणार न्हाई. चूक ऐकलं असंल तर तुम्ही खरं सांगा."

"तुला काय करायच्यात जुन्या गोष्टी?" असं म्हणाले तर त्याला खरं, छोटं उत्तर हवं: "उद्या माझ्या पोराने विचारलं तर मला सांगता आलं पायजे." आवाज चढला तर तुमचा उतरवा. "माझ्या माघारी काय करायचं ते करा" म्हणाले तर वाद घालू नका. "बरं, आज ऱ्हाऊ दे, पुढच्या आठवड्यात परत बसू" म्हणा आणि ठरल्या दिवशी खरंच बसा. दहा-बारा दिवसांच्या आत दुसरी बैठक झाली नाही तर विषय पुन्हा गाडला जातो.

आणि ऐकण्याआधी शब्द देऊ नका. "आईला सांगणार न्हाईस ना?" असं वडील विचारतातच. त्यावर, "आधी ऐकतो. काय करायचं ते दोघं मिळून ठरवू. तुम्हाला न सांगता मी कुणापाशी तोंड उघडणार न्हाई." याहून जास्त वचन दिलंत तर उद्या तुम्हीच त्या गुपिताचे दुसरे राखणदार होता, आणि मग आईच्या नजरेला नजर देता येत नाही.

दुसरं घर निघालं तर

हे ऐकल्यावर त्या दिवशी काहीही करायचं नाही. त्या घरी जायचं नाही, फेसबुकवर नावं शोधायची नाहीत, मोटारसायकल काढून शाहूपुरीत किंवा कुठल्या तालुक्याच्या गावाला दारासमोर उभं राहायचं नाही. तिथलीही मुलं बहुधा तुमच्याइतकीच अंधारात वाढलेली असतात.

कायदा एवढा लक्षात ठेवा. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायदा १९५५ प्रमाणे अवैध, पण कलम १६ मुळे त्यातली मुलं वैध. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ च्या निकालात स्पष्ट केलं की अशा मुलांना आई-वडिलांच्या मिळकतीत वाटा आहे, त्यात एकत्र कुटुंबातून बापाच्या वाट्याला जे आलं असतं तेही धरायचं. मात्र ती मुलं स्वतः त्या एकत्र कुटुंबाची सहदायाद, म्हणजे जन्मापासूनचे हक्कदार, ठरत नाहीत. म्हणजे "त्यांना काही मिळणार नाही" हे चुलत्याचं म्हणणं चूक, आणि "निम्मं सगळं त्यांचं" हेही चूक.

म्हणून वडील हयात असताना मृत्युपत्र करून घ्या, आणि ते त्यांच्या मर्जीने होऊ द्या. स्वकष्टार्जित मिळकत आणि वडिलोपार्जितातला स्वतःचा हिस्सा, दोन्हीचं मृत्युपत्र त्यांना करता येतं. दोन साक्षीदार लागतात, दोघांनी वडिलांसमोर सही करायची, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीला नको. मुद्रांक लागत नाही. दुय्यम निबंधकाकडं नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. हे राहिलं की दुसऱ्या घरची मंडळी पहिल्यांदा तेराव्याला भेटतात, आणि दोन्हीकडच्या बायका-पोरांची सगळ्या गावासमोर शोभा होते.

आईला माहीत नसेल तर तिला सांगण्याचं काम बापाचं. त्यांना महिनाभराची मुदत द्या आणि त्या दिवशी घरात थांबा, पण त्या खोलीत नाही. पुष्कळदा आईला सगळं आधीच माहीत असतं आणि ती मुलासाठीच गप्प असते. तसं निघालं तर तिच्यावर रागावण्याचा हक्क तुम्हाला नाही.

दत्तक

आपण दत्तक आहोत असं कळणं आणि ते पंचवीस वर्षं लपवलं होतं असं कळणं, हे दोन वेगळे घाव आहेत. बापाशी बोलताना दुसऱ्या घावाबद्दल बोला. पहिल्यात त्याचा काही दोष नाही. या शहराला तरी दत्तक शब्दाची लाज वाटायचं कारण नाही. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव १७ मार्च १८८४ ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला, म्हणून आपल्याला शाहू महाराज मिळाले.

भावकीतलं दत्तक असेल तर नोंदलेलं दत्तकपत्र आहे का विचारा. बऱ्याचदा बहिणीचं किंवा धाकट्या भावाचं मूल नुसतं "आणून वाढवलेलं" असतं, शाळेच्या दाखल्यावर नाव लावलेलं असतं, विधी किंवा कागद काहीच नसतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ प्रमाणे देण्या-घेण्याची क्रिया झालेली असावी लागते. नसेल तर वारसाच्या वेळी अडचण येते, आणि त्यावर सोपा उपाय पुन्हा मृत्युपत्रच. संस्थेतून दत्तक असाल तर १८ पूर्ण झाल्यावर स्वतःचं मूळ शोधण्यासाठी अर्ज करता येतो. जन्मदात्यांनी ओळख गुप्त ठेवायला सांगितली असेल तर त्यांच्या संमतीशिवाय ती मिळत नाही.

बापाच्या ब्रशवरून चोरून डीएनए तपासणी करू नका. वैध लग्न चालू असताना किंवा ते संपल्यावर २८० दिवसांत जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ११६ धरून चालतं, आणि न्यायालयंही डीएनए चाचणीचा आदेश सहजासहजी देत नाहीत. घरात पसरलेला एक कागद मात्र आईच्या साऱ्या आयुष्यावर डाग ठेवून जातो, आणि त्याला अपील नाही.

आजार, दारू, जीव दिलेलं माणूस

घराण्यात कुणी जीव दिला असेल किंवा वेडाचा झटका आला असेल तर ती माहिती तुमच्या डॉक्टरला उपयोगी आहे, म्हणून विचारा. कुतूहल म्हणून नको. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बोलणं झाल्यावर वडील फार गप्प झाले, जेवणखाण सुटलं, "आता माझं काम झालं" असं बोलायला लागले, तर त्याच दिवशी फोन करा.

वडील वर्षानुवर्षं रोज पीत असतील आणि बोलणं झाल्यावर भावनेच्या भरात "उद्यापासनं बंद" म्हणाले, तरी एकदम बंद करू देऊ नका. पहिल्या ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जीवावर बेततं. आधी डॉक्टर.

वडिलांनी सांगायचं ठरवलं असेल तर

हा भाग वडिलांसाठी. पहिल्याच वाक्यात गोष्ट सांगून टाका. "त्या वेळची परिस्थिती अशी होती" इथून सुरुवात केलीत तर पोराचा जीव टांगणीला लागतो आणि मधलं काही त्याला ऐकू येत नाही. आधी, "माझ्यावर अमुक रकमेचा जामीन होता, मी फेडला," मग परिस्थिती. माफी मागायची असेल तर ती कारणं जोडून मागू नका. आणि आयसीयूच्या दारापर्यंत थांबू नका. तिथं पोराला परत प्रश्न विचारता येत नाही.

बोलायलाच तयार नसतील तर

तीन वेळा बसूनही काही हाती लागलं नाही तर थांबा. चौथ्यांदा विचारलं की तो छळ होतो. मग एक पत्र लिहा. हाताने, एक पान, त्याहून जास्त नाही. त्यात तुम्हाला काय माहीत आहे ते, कुणाचं नाव न घेता. त्यांनी तुमच्यासाठी केलेली एक खरी, ठरावीक गोष्ट: दहावीच्या परीक्षेला सायकलवरून सोडलं ते, किंवा फीसाठी म्हैस विकली ते. आणि शेवटी एकच प्रश्न. लिफाफा त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवा. वाचलं का, असं विचारू नका. रोजचं बोलणं, उसाचं, पाण्याचं, पूर्वीसारखंच चालू ठेवा.

उत्तर कधी शब्दांत येत नाही. एखाद्या दुपारी ते म्हणतात, "माळ्यावरची ट्रंक जरा खाली काढ." काढा, धूळ पुसा, आणि कुलूप त्यांच्याच हाताने उघडू द्या.